माक लाँगचा कंदील

रविवारी गजर वाजला की मेधा आधी टाचेचा अंदाज घ्यायची. पलंगावरून पाय खाली सोडायचा, हळूच टेकवायचा, कळ कुठपर्यंत चढते ते बघायचं आणि त्यावरून दिवस कसा जाणार ते ओळखायचं, असा तिचा गेल्या दोन वर्षांचा परिपाठ होता. त्या दिवशी कळ थेट पोटरीपर्यंत गेली. आजचा वॉक रद्द करावा असं तिच्या मनात येऊन गेलं. पण चौदा जणांनी नावं दिली होती आणि ओहोटी काही कुणाच्या टाचेसाठी थांबत नाही.

"नाही जमत तर यशोधनला सांग ना," संजीव, तिचा नवरा, कूस बदलत म्हणाला.

"आता साडेसहाला तो कुणाला उभं करणार?"

"मग जा," म्हणून त्याने चादर ओढून घेतली. त्याचं काही चुकत नव्हतं. हाच संवाद जवळजवळ दर रविवारी व्हायचा, आणि तो पुढे न्यायची ताकद दोघांतही उरली नव्हती.

मेधा देवस्थळी सत्ताविसाव्या वर्षी संजीवच्या नोकरीपाठोपाठ पुण्याहून सिंगापूरला आली. एका जहाज कंपनीच्या ऑफिसात एकोणीस वर्षं कागदपत्रं सांभाळली. सेहेचाळिसाव्या वर्षी कंपनीने तिचा सगळा विभागच बंद केला, तेव्हा घरी बसून काय करायचं म्हणून तिने गाइडचा कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्स घेतलं. टेकड्यांच्या गावात वाढलेल्या मेधाला तिवर म्हणजे काय ते पुस्तकात वाचून कळलं होतं. पण घराशेजारीच पासिर रिसचं कांदळवन होतं, आणि चिखलात उड्या मारणारे निवटे मासे पहिल्यांदा दिसले तेव्हा ती लहान मुलीसारखी ओरडली होती. याला आता अकरा वर्षं झाली. निवटे अजून उड्या मारत होते. ओरडायचं मेधाचं थांबलं होतं.

यशोधन नावाचा एक मराठी माणूस, पूर्वी बँकेत होता, आता इथलाच नागरिक झालेला, किनाऱ्यावरचे वॉक काढायचा. मेधा त्याच्याकडे शनिवार-रविवार जायची. तिचा वॉक सगळ्यांत जास्त भरायचा. स्टेशनवरून निघायचं, कांदळवनातल्या लाकडी पुलावरून चालायचं, खेकडे, निवटे, बगळे दाखवायचे, पाणमांजरं दिसली तर लोकांचं नशीब, मग किनाऱ्याकिनाऱ्याने एका जुन्या बदामाच्या झाडाखाली यायचं आणि तिथे माक लाँगची गोष्ट सांगायची. लोक येत ते खरं म्हणजे या गोष्टीसाठी.

त्या दिवशी स्टेशनबाहेर माणसं मोजताना तिच्या लक्षात आलं की बारा जण नेहमीसारखे आहेत, उरलेले दोघं वेगळे आहेत. सत्तरी ओलांडलेला एक मलय म्हातारा, चौकड्यांचा इस्त्रीचा शर्ट, पायात स्वच्छ पांढरे रबरी बूट, हातात काठी. सोबत चाळिशीची मुलगी. तिने स्वतःचं नाव नूरैनी सांगितलं. वुडलँड्सच्या एका शाळेत शिकवते म्हणाली.

"माझे वडील, हमीद. हळू चालतात. चालेल ना?"

"मीही हळूच चालते आहे आज," मेधा म्हणाली.

दोन तास मेधाने ठरलेल्या जागी ठरलेलं बोलणं केलं. पुलाच्या तिसऱ्या वळणावर खेकड्याचा विनोद केला. लोक हसले. तिचं तोंड बोलत होतं आणि मन घरी जाऊन गरम पाण्यात पाय बुडवून बसलं होतं. हमीद मागून काठी टेकत येत होते. ते निवट्यांकडे बघत नव्हते, पाण्याकडेही नाही. ते सारखे मागे वळून दूरच्या इमारतींकडे बघत होते, वाट चुकलेला माणूस खुणा शोधतो तसे.

बदामाच्या झाडाखाली आल्यावर मेधाने सगळ्यांना सावलीत उभं केलं. झाडाजवळ सिमेंटचं एक फुटकं कडं जमिनीतून वर आलेलं होतं. ती विहीर. समोर सामुद्रधुनी, पलीकडे उबिन बेट. मेधाने आवाज खाली आणला.

"इथे एक गाव होतं, कांपोंग लामा," तिने सुरुवात केली. "आणि गावात एक बाई राहायची, माक लाँग. तिचा नवरा मासेमारीला गेला तो परत आलाच नाही. लोक म्हणाले, बुडाला. पण माक लाँग रोज संध्याकाळी धक्क्याच्या टोकाला कंदील टांगायची. घरी यायची वाट दिसावी म्हणून. एक वर्ष, दोन वर्षं, तीस वर्षं. गाव उठलं, सरकारने सगळ्यांना फ्लॅट दिले, तरी शेवटच्या दिवशी तिने धक्क्यावर जाऊन कंदील लावला आणि मगच ती ट्रकमध्ये चढली."

इथे ती थांबायची, मनात पाचपर्यंत अंक मोजायची. त्या दिवशीही थांबली. सेंगकांगहून आलेल्या एका तरुण आईने बाळाच्या टोपड्यानेच डोळे टिपले. कुणीतरी विहिरीचा फोटो काढला. नूरैनी वडिलांकडे बघत होती. आणि हमीद मान खाली घालून उभे होते. त्यांचे खांदे हलताना बघून मेधाला वाटलं, हेही रडताहेत. मग त्यांनी मान वर केली. ते हसू दाबत होते.

वॉक संपला, लोक पांगले. हमीद बाकावर बसले आणि त्यांनी शेजारची जागा हाताने झटकून मेधाला बसायची खूण केली. टाच ठणकत होती, म्हणून ती बसली. नाहीतर ती काहीतरी कारण काढून निघून गेली असती. आपल्याला काय ऐकावं लागणार आहे, याची तिला थोडी कल्पना आली होती.

"छान सांगता तुम्ही," हमीद इंग्रजीत म्हणाले. "तिने ऐकलं असतं तर तुम्हाला झाडूने मारलं असतं."

"बाबा!" नूरैनी म्हणाली.

"तुम्ही तिला ओळखत होता?" मेधाने विचारलं.

"माझी थोरली मावशी. माक लाँग हे नाव नाही, मॅडम. आमच्यात थोरल्या मावशीला माक लाँग म्हणतात. प्रत्येक घरात एक माक लाँग असते. हिचं नाव रोकिया."

अकरा वर्षं ती, कुणी 'मोठी मावशी' हेच बाईचं नाव समजावं तसं, एका नात्याचं नाव घेऊन लोकांना रडवत होती.

"आणि तिचा नवरा…"

"पाक लाँग? पाक लाँग बुडाला?" आता मात्र हमीदना आवरेना. ते काठीवर हनुवटी टेकवून हसायला लागले. "तो जन्मात कधी होडीत बसला नाही! पाण्याला घाबरायचा. केळ्याची भजी तळायचा शाळेसमोर. मावशी अठ्ठ्याऐंशी साली गेली, त्यानंतर तीन वर्षांनी तो गेला, बेडोकच्या फ्लॅटमध्ये, टीव्ही बघता बघता."

"मग कंदील?"

"कंदील होता ना. मावशी सुईण होती. उबिनहून, पलीकडे जोहोरच्या बाजूनेही लोक होडीने तिला न्यायला यायचे. धक्क्यावर कंदील दिसला तर समजायचं, रोकिया घरी आहे, या. कंदील नसला तर ती तो घेऊन कुणाच्या तरी बाळंतपणाला गेली आहे, वाट बघा नाहीतर दुसरी बाई शोधा." ते मेधाकडे वळले. "वाट ती बघत नव्हती, मॅडम. लोक तिची वाट बघायचे. मीही तिच्याच हातांवर जन्मलो."

समोरच्या पाण्यात एक माणूस गळ टाकून उभा होता, त्याच्याकडे मेधा बघत राहिली. गोष्ट तिच्याकडे आली कशी, ते तिला स्वच्छ आठवत होतं. पहिल्या वर्षी हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारातल्या, एका म्हाताऱ्या कॉफीवाल्याने तिला सांगितलं होतं, धक्क्याच्या टोकाला माक लाँगचा कंदील असायचा. एवढंच. बाकीचं तिने विचार करून जुळवलं. बाई कंदील का लावेल? नवऱ्यासाठी. नवरा कुठे असेल? समुद्रावर. पहिल्या वर्षी ती "असं म्हणतात" म्हणून सांगायची. दुसऱ्या वर्षी ते शब्द कधी गळून पडले, तिचं तिलाच कळलं नाही.

"ही विहीर तरी…" तिने विचारलं, पण उत्तर काय येणार ते तिला कळून चुकलं होतं.

हमीदनी काठी वळवून मागे, रस्त्यापलीकडच्या इमारतींकडे दाखवलं. "गाव तिकडे होतं. तो बहुमजली कार पार्क दिसतो ना, त्याच्याखाली. तुम्ही उभ्या होता तिथे समुद्र होता. मी इथे पोहायचो."

"म्हणजे हा सगळा भराव?"

"सगळा. सत्तर सालानंतर गावं उठली आणि मग वाळू आली. चार-पाच वर्षं इथे नुसतं वाळवंट होतं. झाड नाही, पाखरू नाही. वारा सुटला की डोळे उघडता यायचे नाहीत. मला माहीत आहे, कारण मी लॉरी चालवायचो. दिवसाला अकरा-बारा खेपा वाळू टाकली इथे. चांगली नोकरी होती. पोट भरलं, हिला शिकवलं. पण पहिल्या दिवशी मागचा फाळका उघडला आणि वाळू पाण्यात जाताना पाहिली, तेव्हा दुपारचा डबा मी खाऊ शकलो नाही. दुसऱ्या दिवशी खाल्ला."

नूरैनीने हे पूर्वी ऐकलेलं नसावं. ती वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. मग मेधाला म्हणाली, "तुमच्या वेबसाइटवर कंदिलाचं चित्र पाहिलं, म्हणून यांना घेऊन आले. भांडायला आलो नव्हतो आम्ही."

"मी आता काय करू?" मेधाने विचारलं. हा प्रश्न तिने हमीदना विचारला की स्वतःला, तिला सांगता आलं नसतं.

"काही करू नका," हमीद उठत म्हणाले. "लोकांना आवडते गोष्ट. मावशी काय आता झाडू घेऊन येत नाही."

घरी आल्यावर मेधाने पाय गरम पाण्यात सोडले आणि सगळं संजीवला सांगितलं. तिची मुलगी ऋता, चोवीस वर्षांची, नोकरीला लागलेली, सोफ्यावर लॅपटॉप घेऊन ऐकत होती.

"मग आता दुसरी गोष्ट सांग," संजीव म्हणाला. "खरी."

"इतकं सोपं नाही ते. फलक लागतो आहे."

पार्कमध्ये त्या बदामाखाली माहितीचा एक फलक लावायचं तिथल्या एका रहिवासी मंडळाने ठरवलं होतं. मजकूर मेधाने दिला होता. खाली बारीक अक्षरांत तिचं नावही येणार होतं. तीस वर्षं या देशात राहून कुठेतरी आपलं नाव लागणार, याचा तिला मनातून आनंद झाला होता. तो तिने कुणाला दाखवला नव्हता, पण पुण्याला बहिणीला नमुन्याचा फोटो पाठवला होता.

"आई, नेव्हर माइंड लाह," ऋता म्हणाली. "हू विल चेक?"

"कुणीच नाही," मेधा म्हणाली. आणि तीच तर पंचाईत होती. कुणी विचारणार नव्हतं. गप्प बसायचं, पाय शेकायचे, पुढच्या रविवारी तीच गोष्ट सांगायची. तिला इतका थकवा आला होता की तेच करावंसं वाटत होतं. चूक निस्तरायला सुद्धा अंगात बळ लागतं. दुपारभर ती पडून राहिली. झोप मात्र लागली नाही. डोळा लागतोय असं वाटलं की तो केळ्याची भजी तळणारा माणूस समोर यायचा. त्याला तिने अकरा वर्षांत किती वेळा बुडवला असेल!

मंगळवारी ती बसने सेंगकांगला यशोधनकडे गेली. त्याच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल हेच त्याचं ऑफिस. त्याने चहा केला, सगळं नीट ऐकून घेतलं, आणि मग डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "मेधाताई, लोक आपल्याकडे पुरावे मागायला येत नाहीत हो. आठवडाभर ऑफिसात पिळून निघालेले असतात. सकाळी दोन तास चालतात आणि मनात काहीतरी घेऊन जातात. ते आपण काढून घ्यायचं का?"

"खोटं आहे ते, यशोधन."

"मग पुढे 'असं म्हणतात' लावा. झालं."

"अकरा वर्षांपूर्वी तेच लावलं होतं."

यशोधन हसला नाही. "बरं, सुईणीची गोष्ट सांगाल. सांगा. पण जागासुद्धा तिथे नाही म्हणता. मग लोकांना काय कार पार्कमध्ये नेऊन उभं करायचं?"

"गाव तिथे होतं."

"ताई, तुम्ही थकला आहात," तो मऊ आवाजात म्हणाला. "दोन आठवडे सुट्टी घ्या."

थकल्याचं त्याने अगदी बरोबर ओळखलं होतं. बसमध्ये बसल्यावर मेधाने फोन काढला आणि मंडळाला चार ओळींचं पत्र लिहिलं. मजकूर चुकीचा आहे, चूक माझी आहे, फलक कृपया थांबवा, माझं नाव काढा. पाठवायचं बटण दाबलं आणि फोन पालथा घालून मांडीवर ठेवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, अतिशय सभ्य आणि थंड. फलक तयार झाला आहे, आपण हे आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, बघू. पुढे काही महिन्यांनी तिथे फलक लागला, पण त्यावर फक्त बदामाच्या झाडाची आणि खंड्या पक्ष्याची माहिती होती.

सुट्टी तिने घेतली नाही. पुढच्या रविवारी ती लोकांना घेऊन रस्ता ओलांडून त्या कार पार्कमध्ये गेली. तळमजल्यावर, खांबांच्या मधे, गाड्यांच्या वासात उभं राहून तिने रोकियाची गोष्ट सांगितली. गोष्ट तिला अजून नीट सांगता येत नव्हती. हमीदनी सांगितलं तेवढंच तिला ठाऊक होतं, आणि पदरचं काही घालायचं नाही असं ठरवलेलं. त्यामुळे पाच मिनिटांत सगळं आटोपलं. कुठे थांबायचं तेही तिला समजेना. एका गाडीने हॉर्न दिला म्हणून सगळे बाजूला झाले. एका बाईने विचारलं, "इथे टॉयलेट कुठे आहे?" एक मुलगा आईला म्हणाला, "मॉम, व्हाय वी कम कार पार्क?"

फक्त एक काळासावळा, लुंगीसारखा सैल पायजमा घातलेला प्रौढ माणूस शेवटपर्यंत थांबला. तमिळ असावा. "माझी आजी पण हेच करायची," तो म्हणाला. "सुईणपण. तिचं नाव कुणी विचारलंच नाही कधी." आणि तो निघून गेला. मेधानेही त्याला त्या आजीचं नाव विचारलं नाही, हे तिच्या स्टेशनवर पोचल्यावर लक्षात आलं. ती परत फिरून बघून आली, पण तोवर तो गेला होता.

संध्याकाळी यशोधनने वेबसाइटवरचा एक शेरा तिला पाठवला. कुणीतरी लिहिलं होतं, गाइडला माहिती पुष्कळ आहे, पण वॉक कार पार्कमध्ये संपतो. यशोधनने स्वतःचा एकही शब्द लिहिला नव्हता. तीन रविवार असेच गेले. चौथ्या आठवड्यात त्याचा फोन आला. पासिर रिसचा वॉक आता प्रणिता करेल. प्रणिता म्हणजे मुंबईची, बत्तीस वर्षांची, दोन वर्षांपूर्वी मेधानेच तिला हाताशी धरून शिकवली होती. "तुम्हाला शहरातला नदीकाठ देतो. तिथे सगळी फरशी आहे, चिखल नाही," तो म्हणाला.

"फरशीवर टाच जास्त दुखते रे," मेधा म्हणाली. आणि मग, "राहू दे. मी आता थांबते."

"रागावून नका थांबू."

"रागाला पण दम लागतो, यशोधन. नाही रागावले."

ते खरं होतं. पहिल्या मोकळ्या रविवारी तिने टाचेचा अंदाज घेतला, आणि कुठे जायचं नाही म्हणून परत आडवी झाली. संजीवने उठून चहा केला आणि तिच्या उशाशी आणून ठेवला. स्वतःचा कप घेऊन तो पलंगाच्या कडेला बराच वेळ बसून राहिला.

महिनाभराने भाजी आणायला म्हणून ती पार्कच्या कडेने चालली होती. बदामाखाली वीसेक माणसं उभी होती. मधे प्रणिता. मेधाला शब्द ऐकू येत नव्हते, पण प्रणिताचे हात दिसत होते. कंदील टांगल्यासारखा वर गेलेला उजवा हात, मग तो हळूच खाली, मग थांबा. ती थांबायची जागाही मेधाचीच होती. मनात पाचपर्यंत मोजायला तिनेच शिकवलं होतं. प्रणिताची नजर तिच्यावर गेली आणि ती क्षणभर अडखळली. मेधाने हात वर करून 'चालू दे' अशी खूण केली. मग तिला वाटलं, ही खूण आपण का केली? पिशवी या हातातून त्या हातात घेत ती पुढे गेली. त्या दिवशी घरी तिने कुणाला काही सांगितलं नाही.

नूरैनीचा फोन आला तो त्यानंतर. "बाबा त्या दिवसापासून बोलायचे थांबत नाहीत," ती म्हणाली. "सकाळी बोलतात, जेवताना बोलतात. मावशी, धक्का, कोण कुणाचा मुलगा. मी शाळेतून येते तेव्हा माझे कान थकलेले असतात. मुलांना तर वेळच नाही. मला वाईट वाटतं. तुम्ही याल का? त्यांना कुणीतरी ऐकायला हवं आहे."

मेधाने आधी नाही म्हणायचं ठरवलं. वुडलँड्स म्हणजे बेटाचं दुसरं टोक. दोन गाड्या बदलायच्या, जिने चढायचे. पण बुधवारी ती गेली. बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट होता. खिडकीतून मलेशियात जोहोरकडे जाणारा पूल आणि त्यावर खोळंबलेल्या लॉऱ्यांची रांग दिसत होती. हमीद तोच इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसले होते. नूरैनीने टेबलावर केक आणि चहाची किटली ठेवली आणि ती शाळेत गेली.

मेधाने फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं, वही उघडली.

"काय विचारणार?" हमीदनी विचारलं.

"मी काही विचारत नाही. तुम्ही सांगा. मी विचारायला लागले की मधलं आपलंच घालते."

ते हसले आणि सांगायला लागले. रोकियाचे हात केवढे होते, पुरुषासारखे. ती सुपारी खायची आणि थुंकायला होडीच्या कडेवरून वाकायची, तेव्हा होडी कलायची. बाळ उलटं असलं तर ती बाईशी न बोलता पोटाशी बोलायची, रागवायची. मुलगी झाली की नारळ घ्यायची, मुलगा झाला की कोंबडी. आणि कुणाकडे दोन्ही नसलं तर त्यांच्या अंगणात बसून नुसतं पोटभर बोलून यायची. पाक लाँग तिला वैतागायचा, पण ती रात्रभर जागून आली की भज्यांची पहिली खेप तिला द्यायचा, गिऱ्हाइकांच्या आधी. मेधा लिहीत गेली. एखाद्या वाक्यानंतर पूर्वीच्या सवयीने ते सजवावंसं वाटायचं, तेव्हा ती पेन खाली ठेवून चहाचा घोट घ्यायची.

"आता माझ्या जन्माचं सांगतो," हमीद म्हणाले. "ते मला आईने सांगितलं. पाऊस होता. आई दोन दिवस अडली होती. मावशी उबिनला गेलेली, धक्क्यावर कंदील नाही. मग माझा बाप, तो पण पोहणारा नव्हे, तो उठला आणि…"

इथे ते थांबले. मेधाने वर पाहिलं. त्यांची मान खुर्चीच्या पाठीवर कलली होती, तोंड थोडं उघडं. त्यांना झोप लागली होती.

उठवावं का, असा विचार करत ती बसली. वरचा पंखा फिरत होता. सोफा मऊ होता. तिने चपला काढून टाच हळूच उशीवर ठेवली. पाच मिनिटं थांबू, मग बघू.

नूरैनी दुपारी परत आली तेव्हा दोघंही झोपलेले होते. तिने दार न वाजवता लावलं, स्वयंपाकघरात जाऊन भात टाकला आणि बटाटे सोलत बसली, असं तिने नंतर मेधाला सांगितलं. मेधा जागी झाली ती कढीपत्त्याच्या फोडणीच्या वासाने. क्षणभर तिला आपण कुठे आहोत तेच कळेना. अंगावर कुणीतरी पातळ चादर घातली होती. कितीतरी महिन्यांत तिला दिवसा अशी झोप लागली नव्हती. फोन अजून चालूच होता. दोन तास तेरा मिनिटं, आणि त्यातला निम्मा वेळ पंखा आणि घोरणं.

"घोरणं माझं की यांचं?" तिने ओशाळून विचारलं.

"दोघांचं," नूरैनी म्हणाली. "जेवून जा."

आवाजाने हमीद जागे झाले. त्यांनी शर्ट खाली ओढून नीट केला, काठी हाताशी घेतली आणि झोपलोच नव्हतो अशा थाटात विचारलं, "कुठपर्यंत आलो होतो आपण?"

मेधाने वही बघितली. "तुमचा अजून जन्म व्हायचाय."

"अरे बापरे," ते म्हणाले. "मग तर लांबच आहे."

"आज जेवू. पुढचं पुढच्या बुधवारी," मेधा म्हणाली, आणि ताटं मांडायला उठली.